काचेतला भाऊ

या सगळ्या प्रकारात ताईला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. पुढे रडारड सुरू झाली की माणसं हे सोयीस्कर विसरतात. पहिलं म्हणजे, भाऊ मिळणार होता. सव्वीस वर्षं तो बायकोचा होता, नंतरची दोन वर्षं बायकोच्या आठवणींचा. आणि ताई त्याच जिन्यावर, समोरच्याच दारात राहूनही, त्याच्या घरात पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर टेकत होती. दुसरं, भाचीचं भलं होणार होतं, आणि ते आपल्यामुळे झालं असं मनातल्या मनात का होईना, म्हणता येणार होतं. तिसरं, एक गुपित मिळणार होतं. साठीला टेकेपर्यंत जिच्यापाशी स्वतःचं असं एकही गुपित नव्हतं, तिला विचारा त्याची किंमत. आणि जाणार काय होतं? ताईने बोटांवर मोजून पाहिलं. एकही बोट मिटलं नाही.

ताई तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काच सजवायची. रस्त्याकडच्या त्या लांबलचक काचेमागे सात पुतळे उभे असत आणि त्यांना कपडे चढवण्याचं काम एकतीस वर्षं तिच्याकडे होतं. दुकानात तिला सगळे काचवाली ताई म्हणत. थंडीच्या कपड्यांवर तर तिचा हात असा बसला होता की लोक मफलर घ्यायला यायचे आणि पुतळ्याच्या अंगावरचं सगळं बांधून घेऊन जायचे. नव्या मुलींना ती शिकवायची, "आतला कपडा अंगाचा, मधला उबेचा, वरचा लोकांचा. प्रत्येक थराची कड दिसली पाहिजे, पण जाडी दिसता कामा नये." पुतळे मुळात काटकुळे, त्यामुळे कपडे त्यांच्या अंगावर लोंबायचे. मग बाह्यांत कागदाचे बोळे कोंबायचे आणि पाठीवर कापड ओढून टाचण्या मारायच्या. समोरून राजबिंडा, मागून टाचण्यांचा बाजार. मागे जाऊन बघायची गिऱ्हाइकाला परवानगी नसते, एवढ्यावर तो सगळा धंदा उभा.

भाऊ शहराच्या पाणीखात्यात नकाशे काढायचा. कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ जातो हे त्याला तोंडपाठ, पण स्वतःच्या शर्टाची गुंडी कुठल्या काजात जाते हे त्याला चोपन्न वर्षांत नक्की ठरवता आलं नव्हतं. एका सोमवारी, दुकान बंद असताना, तो इस्पितळाची जाडजूड फाइल घेऊन ताईच्या दारात आला. फाइल त्याने टेबलावर ठेवली आणि स्वतः उभाच राहिला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सहा महिने म्हणाले. आठ म्हणायला त्यांची जीभ वळत होती, पण माणूस प्रामाणिक आहे."

पोटातलं दुखणं होतं आणि फार उशिरा सापडलं होतं. अकरा किलो वजन उतरलं होतं. ताई खुर्चीतून उठायला लागली तसा भावाने हात वर केला.

"ते नंतर. आधी कामाचं बोलू. तीन आठवड्यांनी खारू येतेय."

खारू म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी बिस्किटांचे तुकडे उशीखाली साठवायची, म्हणून खारूताई, आणि पुढे नुसतीच खारू. हवामानाचा अभ्यास करून तिने नुकतीच एक नेमणूक मिळवली होती. दूर वर, बर्फातल्या एका ठाण्यावर जाऊन वारा, बर्फ आणि थंडी मोजायची. चौदा महिने. एकदा बर्फ पडून रस्ता बंद झाला की तिथे मनात आलं म्हणून वर जाता येत नाही की खाली येता येत नाही. जाण्याआधी कुणी माघार घेतली तर यादीतल्या पुढच्याला बोलावतात, आणि माघार घेणाऱ्याला पुन्हा विचारत नाहीत. वर जाण्यापूर्वी ती नऊ दिवस घरी राहणार होती.

"तिला कळलं तर ती जाणार नाही," भाऊ म्हणाला.

"नाहीच जाणार."

"आईच्या आजारपणात एक वर्ष घालवलं तिने. आता माझ्यापायी हेही घालवेल. आणि इथे बसून करणार काय? माझं सूप फुंकून गार करणार?"

ताई फाइलकडे बघत राहिली. उघडायचा तिला धीर झाला नाही.

"तू लाकडाच्या ठोकळ्यांना माणसात आणतेस ना," भाऊ म्हणाला, "मला फक्त नऊ दिवस माणसात ठेव."

"पुतळे बोलत नाहीत रे. तू बोलशील आणि सगळं सांडून ठेवशील."

"मी कधी बोललोय?"

हेही खरंच होतं.

तर ताई कामाला लागली. पहिल्याच दिवशी तिने त्याला शर्ट काढायला लावला आणि फीत घेऊन माप घेतलं. एकतीस वर्षं पुतळ्यांची मापं घेतलेल्या बाईचा हात भावाच्या बरगड्यांवर आल्यावर एकदाच थबकला. मग ती "हात वर कर" म्हणाली. आजवर तिने कपड्यांची जाडी लपवली होती. आता माणसाचा बारीकपणा लपवायचा होता. सगळी विद्या उलटी करून वापरायची होती.

अंगालगत एक मऊ बनियन. त्यावर लांब बाह्यांचा लोकरीचा. त्यावर कापूस भरलेली बिनबाह्यांची बंडी. ही तिने दुकानातल्या शिंप्याकडून शिवून घेतली आणि खांद्यावर, पाठीवर, खोल गेलेल्या छातीवर मुद्दाम जास्त कापूस भरायला लावला. "कुठल्या नाटकाला?" शिंप्याने विचारलं, आणि ताईने "घरगुती" म्हणून सांगितलं. मग शर्ट, अंगात पूर्वीच्याच मापाचा, पण गळ्याला दोन मापं लहान, म्हणजे कॉलरीत मान विहिरीतल्या दोरासारखी दिसायला नको. त्यावर डाळिंबी रंगाचा स्वेटर, मागून चार टाचण्यांनी बसवलेला. त्यावर राखाडी कोट. पायांत दोन लोकरी विजारी आणि मग पँट, आणि बूट सैल झाले होते म्हणून मोज्यांचे दोन जोड.

नुसतं झाकायचंच असतं तर घोंगडी गुंडाळली असती. पण गुंडाळलेला माणूस आजारी दिसतो आणि सजलेला माणूस सुखी दिसतो, हे ताईला काचेने शिकवलं होतं. म्हणून मफलर तिने गडद पिवळा निवडला. भावाचा चेहरा पिवळा पडत चालला होता. शेजारी त्याहून पिवळं काही ठेवलं की त्यामानाने तोंड गोरं वाटतं.

गालांचं मात्र काही करता येईना. गालांना अस्तर लागत नाही. त्यावर भावानेच तोड काढली. दाढी राखायची. जिन्याखाली न्हाव्याचं दुकान होतं, तिथे तो कोरून घ्यायला गेला. न्हावी कात्री चालवता चालवता म्हणाला, "साहेब, या वयात माणूस दाढी दोनच कारणांनी वाढवतो. एक तर तो जगाला कंटाळलेला असतो, नाही तर कुणाच्या तरी नादाला लागलेला असतो."

"आणि मी?"

"तुमच्या अंगावरचा कोट बघता, कंटाळलेले तर वाटत नाही."

हा विनोद भावाने ताईला येऊन सांगितला आणि दोघं हसली. बहीण-भाऊ एकत्र हसली त्याला किती वर्षं झाली होती, ते ताईला त्या संध्याकाळी मोजूनही आठवेना. मिळकत सुरू झाली होती.

खारू आली. बसस्थानकावर बापाला बघून ती दहा पावलांवरच थांबली, पाठीवरची भलीमोठी पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माफ करा, मी माझ्या बाबांना शोधतेय. मळका स्वेटर, एक गुंडी वरखाली. तुम्ही कुठे पाहिलंत का?"

"ते सुट्टीवर गेलेत," भाऊ म्हणाला.

ती त्याच्याभोवती एक चक्कर मारायला निघाली तशी ताई चपळाईने भावाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. कोटाखाली टाचण्या दिसण्यासारख्या नव्हत्या, पण सवय. पुढचे दिवस ती भावाच्या मागे सावलीसारखी राहिली. तो खुर्चीत बसला की ती पाठीला उशी द्यायची. तो उठला की कोट सावरायची. भाऊ सकाळी सहाला तिच्या दारात यायचा, कपडे चढवून सातला स्वतःच्या घरी जायचा, आणि पोरीसमोर जेवल्यासारखं करून अर्धं ताटात कसं पसरून ठेवायचं, तेही तो शिकला होता. दुपारी "आत्याकडे नकाशे ठेवलेत" असं सांगून तो इकडे येऊन तासभर निजायचा. कोट न काढता, छातीवर हात ठेवून, अगदी सरळ. ताई शेजारी बसून मफलरच्या घड्या घालायची.

चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना खारूने विचारलं, "आत्या, आज बाहेर किती आहे गं?"

"थंडी आहे."

"थंडी हा आकडा नाही. अठरा अंश आहे." तिने खिशातून बोटाएवढं तापमापक काढून टेबलावर ठेवलं. शिक्षणाने माणसं वाया जातात ती अशी. "बाबा, तुमच्या अंगावर मी सहा थर मोजलेत. दिसतायत तेवढे. उणे दहा अंशांना आम्ही पाच घालतो."

ताईच्या हातातला चहाचा चमचा तसाच राहिला. आणि आपण कुठे चुकलो ते तिला त्याच क्षणी कळलं. काचेत थंडी महिनाभर आधी येते. बाहेर लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरत असतात, तेव्हा तिच्या पुतळ्यांनी लोकर चढवलेली असते, म्हणजे थंडी पडेपर्यंत लोकांच्या मनात कोट भरलेला असतो. एकतीस वर्षांच्या सवयीने तिने भावालाही काचेच्या पंचांगाप्रमाणे सजवला होता. आणि समोर बसली होती ती नेमकी थंडी मोजणारी पोर.

"म्हणजे हे काही थंडीसाठी नाही," खारू सावकाश म्हणाली.

भाऊ टेबलाची कड धरून बसला होता. ताईला वाटलं, झालं. आता ही उठेल, कोटाला हात घालेल, आणि तीन आठवड्यांचा खटाटोप या टेबलावर उकलून पडेल.

खारू मात्र पुढे वाकली, आणि बापाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मला विचारताय? दाढी कोरलेली. मफलर. सकाळी सात वाजता कोट. रोज दुपारी आत्याच्या घरी जाऊन तास तास गायब. बाबा, आईने अख्खा जन्म सांगूनही तुम्ही शर्टाची कॉलर सरळ केली नव्हती. कोण बाई आहे?"

भावाने आयुष्यभर पाणी कुठून वळवायचं ते कागदावर आखलं होतं. इथे पाण्याने आपली आपणच वाट काढली होती आणि त्याला फक्त बाजूला सरायचं होतं. त्याने मफलर नीट केला. सकाळचा ताप होता, तोंडावर त्याची लाली होती. पोरीने ती लाज समजून घेतली.

"अजून तसं काही ठरलेलं नाही," तो म्हणाला.

आणि ताई, जिला कुणी विचारलं नव्हतं, ती म्हणाली, "वेळ आली की सांगेल तो. तू नको त्याला छेडू."

खारू मोठ्याने हसली. जरा जास्तच मोठ्याने. "मी कशाला छेडू? छानच आहे," म्हणाली आणि चहा अर्धा टाकून बाहेर फिरायला गेली. तापमापक टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ताई भावाच्या घरी गेली तर खारू आईच्या कपाटापुढे बसली होती. आईची लोकरी जाकिटं, दोन शाली, एक निळा कोट, सगळं तिने बाहेर काढलं होतं आणि घड्या घालून आपल्या पिशवीत कोंबत होती.

"एवढं वर नेऊन काय करणार?"

"इथे ठेवून तरी काय? जी येईल तिला अडगळ." मग हात न थांबवता तिने विचारलं, "कशी आहे गं ती?"

"कोण?"

"आत्या, तू पण ना. ती."

आता जी नाहीच तिला कपडे चढवायचे होते. ताई दाराला टेकली आणि हाताशी होतं त्यातूनच काढून बोलली. "बरी आहे. शांत आहे. त्याचं खाणंपिणं बघते. वेळेवर औषध... वेळेवर चहा देते."

"वयाने?"

"आमच्याच वयाची आहे."

खारूने निळा कोट मांडीवर घेतला आणि त्याची गुंडी लावायची, काढायची, असं चालवलं. "मला राग नाही आला," ती म्हणाली. "खरंच नाही. एकटं राहण्यापेक्षा बरंच की. फक्त दोनच वर्षं झालीत गं. दोनच. मला वाटलं होतं, निदान मी परत येईपर्यंत..." आणि तिने कोट पिशवीत ढकलला.

खरं सगळं ताईच्या दातांपर्यंत आलं होतं. तुझा बाप कुणाच्या नादाला लागलेला नाही, तो तुझ्या आईचाच आहे, पुरता तिच्याच वाटेला लागलाय, एवढं एक वाक्य. पण ताईने हिशेब केला. दुखावलेली पोर जाईल. कळलेली पोर राहील. तिने ते वाक्य गिळलं आणि पिशवीची चेन लावायला मदत केली.

नवव्या दिवशी तिघं पुन्हा बसस्थानकावर गेली. भाऊ त्या सकाळी धड उभा राहू शकत नव्हता, पण एक हात खांबाला टेकवून तो असा काही ऐटीत उभा राहिला की आल्यागेल्याने वळून बघावं. बसने भोंगा दिला. खारू त्याच्यासमोर आली, दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच थांबून त्याच्या कोटाच्या बाहीला नुसता हात लावला.

"नको, तुमची इस्त्री मोडेल," ती म्हणाली. "नंतर कुठे जायचं असेल."

"अगं, कुठे नाही जायचं," भाऊ म्हणाला.

पण ती ताईच्या गळ्यात पडून बसमध्ये चढलीही होती.

घरी आल्यावर ताईने त्याचे कपडे उतरवले. कोट, स्वेटर, शर्ट, बंडी, एक एक करून खुर्चीवर टाकले. खुर्चीवरचा ढीग माणसासारखा दिसत होता, आणि पलंगावर जे उरलं होतं ते त्यातून काढून घेतलेल्या अस्तरासारखं. "जमलं," भाऊ म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

त्यानंतरचे दिवस ताईच्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. हे ऐकायला बरं नाही वाटत, पण होतं ते होतं. तिने रजा घेतली, भावाचा पलंग आपल्या घरी हलवला. सकाळी त्याला पेपर वाचून दाखवायची, दुपारी दोघं लहानपणीच्या गल्लीतल्या माणसांची नावं आठवायची पैज लावायची, आणि ती हटकून हरायची. तो तिच्या हातचं दोन चमचे सूप घ्यायचा आणि "मीठ कमी" म्हणायचा. आजवर त्या घरातलं मीठ कमी की जास्त, हे ठरवायला ताईला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी ठाण्यावरून फोन यायचा. प्रत्येकाला दहा मिनिटं मिळत. पूर्वी खारूला दहा पुरत नसत. आता ती चार-पाच मिनिटांतच म्हणायची, "ठेवते बाबा. कुणी वाट बघत असेल." आणि भाऊ फोनच्या रिसीव्हरकडे बघत बसायचा.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, या महिन्यात सामानाचं हेलिकॉप्टर येतंय. ते एका माणसाला खाली नेणार, आणि तीन आठवड्यांनी दुसरं सामान येईल त्यातून परत आणणार. आम्हां दोघींपैकी एकीची पाळी आहे. येऊ का मी?" मग थोडं थांबून, "की अडचण होईल तुमची?"

ताई शेजारीच बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. भावाने फोनवर तळहात ठेवला. हात नुसता काड्यांचा झाला होता.

"ताई, सांगून टाकू? येऊ दे तिला."

ताईने मान हलवली. नाही.

"एकदाच बघू दे गं."

"आणि मग ती परत जाईल वर? तुला असं बघून?" ताई कुजबुजली. "आता कुठलाही कोट पुरायचा नाही, भाऊ. एवढं केलं ते सगळं पाण्यात जाईल."

बोलली त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती ताईला त्या वेळीही ठाऊक होती. खारू आली असती तर पलंग पुन्हा समोरच्या घरात गेला असता. सूप पोरीने दिलं असतं, पेपर पोरीने वाचला असता, आणि ताई पुन्हा खुर्चीच्या कडेवर.

भावाने तळहात काढला. फार वेळ काढला त्याने ते करायला. "बघ बाई, तुझ्या सोयीने," तो फोनमध्ये म्हणाला.

"कळलं बाबा," खारू म्हणाली. पलीकडे वारा वाजत होता. "मग मी हिलाच जाऊ देते. हिची आई एकटी असते. तुम्ही काही एकटे नाही."

"छान केलंस," भाऊ म्हणाला.

ते तीन आठवडे तो रोज तारीख विचारायचा. ताई सांगायची. बाविसाव्या दिवशी विचारायचं त्याने बंद केलं. त्यानंतर महिनाभराने, एका दुपारी, ताई त्याचे पाय चेपत असताना तो गेला. "मीठ कमी" म्हणायलाही त्या दिवशी तो जागा झाला नव्हता.

ठाण्यावर निरोप गेला आणि संध्याकाळी खारूचा फोन आला. रविवार नव्हता. वारा नव्हता. आवाज इतका स्वच्छ येत होता की ताईला ती शेजारच्या खोलीत आहे असं वाटलं.

"अचानक?" खारूने विचारलं.

"हो. म्हणजे, झोपेतच."

मग खारू म्हणाली, "ती होती का जवळ?"

ताईने डोळे मिटले. "होती."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"बरं झालं." खारू आता रडत होती, पण बोलणं सोडत नव्हती. "मी फार वाईट वागले गं तिच्याशी. एकदाही विचारलं नाही. बाबा तिच्याबद्दल काही बोलतील म्हणून घाईघाईने फोन ठेवायचे मी. आत्या, तिला फोन दे ना. असेल ना तिथे? मला तिचे आभार मानू दे. नाव काय तिचं?"

काचेतल्या पुतळ्यांना नावं नसतात. इतक्या वर्षांत ताईवर तशी वेळ आली नव्हती. तिने तोंड उघडलं. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचा चमचा, खिडकी, कुठूनही एखादं बाईचं नाव मिळतंय का बघितलं, आणि मिळालं नाही.

"आत्या?"

"कुणी नव्हतं गं," ताई म्हणाली. "मीच होते."

"म्हणजे?"

"बाई कुणी नव्हतीच. कधीच. तू आलीस तेव्हा त्याचं अकरा किलो वजन गेलं होतं. ते दिसू नये म्हणून मी कपडे घालत होते त्याला. तू जावंस म्हणून."

ताईला वाटलं फोन तुटला. तिने दोनदा हाक मारली. मग खारू बोलली, अगदी हळू, आकडा वाचून दाखवावा तशी.

"मी विचारलं होतं, येऊ का. तेव्हा तू तिथे होतीस?"

"होते."

"बाबांना काय हवं होतं?"

आता खोटं बोलण्यात कुणाचाच फायदा उरला नव्हता. "तू यायला हवी होतीस त्याला," ताई म्हणाली. "नको म्हणाले ती मी."

खारूने फोन ठेवला. आदळला नाही, नुसता ठेवला.

ती खाली आली नाही. येता आलं असतं का, हे ताईला कळलं नाही, विचारायची सोय उरली नव्हती. ठाण्याच्या कचेरीतून एवढंच कळलं की तिने नेमणूक पुरी करायचं ठरवलंय आणि काम चोख चाललंय. म्हणजे भावाला जे हवं होतं, ते त्याला मिळालं. ताईला जे हवं होतं, तेही मिळालं, साडेचार महिने, भरपेट. खारूच्या जोडीदारणीच्या आईलासुद्धा तीन आठवडे लेक मिळाली. ज्याने त्याने काही ना काही नेलं. किंमत मोजली ती खारूने. हातात होते ते तीन आठवडे तिने आपण होऊन दुसरीला देऊन टाकले, एका बाईच्या सुखात अडचण नको म्हणून आणि बापाला आपली गरज नाही म्हणून. त्यातली ती बाई जगात कुठेच नव्हती, आणि बाप खाली बसून रोज तारीख विचारत होता.